शीर शंभर टक्के बंद आहे, मग ती उघडत का नाहीत?

पत्र (थोडक्यात): “आमचे नाना ६४ वर्षांचे आहेत. पाथरी तालुक्यात आमची शेती आहे. दोन महिन्यांपूर्वी सकाळी चहा घेताना त्यांच्या उजव्या हातातून कप निसटला, बोलणे बोबडे झाले आणि पंधरा-वीस मिनिटांत सगळे पूर्ववत झाले. परभणीला दाखवून पुढे छत्रपती संभाजीनगरला नेले. सीटी अँजिओग्राफीत मानेतली डावी कॅरोटिड शीर पूर्ण बंद आणि उजवी ४० टक्के अरुंद निघाली. डॉक्टर म्हणाले, ‘बाजूच्या वाटेने मेंदूला रक्त जाते आहे, ऑपरेशन करायचे नाही, गोळ्या चालू ठेवा.’ शेजारच्या गावातल्या एकांची शीर ८० टक्केच बंद होती, तरी त्यांचे ऑपरेशन केले. मग नानांचे का नाही? दाजी म्हणतात, हैदराबादला नेऊ. चुलते म्हणतात, सलाइनमधून शिरा साफ करणारे औषध मिळते. बीपी वाढलेले दिसले म्हणून गावाकडच्या डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या. तिन्ही गोळ्या नाना रात्री एकदम घेतात. तंबाखू अजून सुटलेली नाही. मागच्या आठवड्यात रात्री दोनला लाईट आली म्हणून मोटार चालू करायला ते ताडकन उठले, तर दारातच त्यांचा उजवा हात दोन मिनिटे लटलट हलला. थंडीने झाले, असे ते म्हणतात. ही बाजूची वाट किती दिवस पुरेल?” – एक लेक, परभणी जिल्हा

ताई, तुमच्या पत्रात चार-पाच प्रश्न आहेत, पण त्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तुम्ही प्रश्न म्हणून विचारलेलीच नाही. रात्री अंथरुणातून एकदम उठल्यावर नानांचा उजवा हात दोन मिनिटे हलला, हे वाचताच मी पत्र बाजूला ठेवले आणि तुम्ही दिलेल्या क्रमांकावर तुमच्या भावाला फोन करून सांगितले, की नानांना उद्याच्या उद्या मेंदूविकारतज्ज्ञांकडे न्या. त्यामागचे कारण येथे सविस्तर लिहितो आहे, कारण अशी शीर बंद पडलेली माणसे आपल्या भागात तुमच्या एकट्याच्या घरात नाहीत.

थंडीने हात हलला असता तर दोन्ही हात हलले असते. हलला तो फक्त उजवा, म्हणजे डाव्या मेंदूच्या ताब्यातला, आणि नानांची बंद शीर डावीच आहे. शिवाय तो हलला ते उभे राहिल्यावर, रात्री बीपीच्या तीन गोळ्या एकत्र पोटात गेलेल्या असताना. मेंदूच्या एका भागाला काही क्षण रक्त कमी पडले की हात किंवा पाय असा लटलटतो, आणि माणूस बसला किंवा आडवा झाला की थांबतो. पुष्कळदा याला फिट समजून फिटच्या गोळ्या सुरू केल्या जातात आणि त्या गोळ्यांनी काहीही फरक पडत नाही.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक आजी आल्या होत्या. दोन महिने त्या फिटच्या गोळ्या घेत होत्या. सून सांगत होती, की चुलीपुढून भाकरी करून उठल्या की यांचा डावा हात हलतो. मी आजींना दवाखान्याच्या फरशीवरच मांडी घालून बसवले, पाच मिनिटे गप्पा मारल्या आणि मग उठायला सांगितले. त्या भिंतीला धरून उभ्या राहिल्या. अर्ध्या मिनिटात डाव्या हाताची बोटे पिंपळाच्या पानासारखी थरथरू लागली आणि मग ती थरथर कोपरापर्यंत चढली. “हेच, डॉक्टर, हेच,” सून म्हणाली. बसलेल्या असताना त्यांचा वरचा दाब १५० होता, उभ्या राहिल्यावर तो ११२ वर आला होता. त्यांच्या मानेतली उजवी कॅरोटिड पूर्ण बंद निघाली. त्यांची अर्धी दुरुस्ती गोळ्यांच्या वेळा आणि प्रमाण बदलून झाली.

आता मुळापासून सांगतो. वैद्यकात रक्त घेऊन जाणाऱ्या या नळीला धमनी म्हणतात, पण घरात सगळे शीर म्हणतात, म्हणून मीही तोच शब्द वापरतो. मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के. पण हृदयातून निघणाऱ्या रक्तातले सुमारे १५ टक्के आणि शरीराला लागणाऱ्या प्राणवायूतला सुमारे २० टक्के वाटा तो एकटा घेतो, आणि उद्यासाठी काही साठवून ठेवण्याची सोय त्याच्याकडे नाही. मिनिटाला साधारण ७०० ते ७५० मिलिलिटर रक्त त्याच्याकडे चार शिरांतून जाते. त्यातल्या दोन कॅरोटिड शिरा मानेच्या पुढच्या बाजूने, जबड्याच्या कोपऱ्याखाली बोट ठेवले असता उडताना लागतात. दोन व्हर्टिब्रल शिरा मागून, मणक्यांच्या छिद्रांतून वर चढतात आणि कवटीत शिरल्यावर एक होतात. कवटीच्या तळाशी या सगळ्यांना बारीक जोडशिरा एकमेकींशी जोडतात आणि एक कडे तयार होते. त्यातली पुढची जोडशीर, जी डाव्या आणि उजव्या बाजूला सांधते, ती अवघ्या काही मिलिमीटर लांबीची असते. पण डावी कॅरोटिड बंद पडली की उजव्या बाजूचे रक्त त्याच इवल्याशा पुलावरून डावीकडे येते. मागच्या जोडशिरेतून व्हर्टिब्रलचे रक्त पुढे येते.

या कड्याचे सविस्तर वर्णन ऑक्सफर्डच्या डॉ. थॉमस विलिस यांनी १६६४ साली केले, आणि त्यांच्यासाठी चित्रे काढणाऱ्यांत ख्रिस्तोफर रेन होते, जे पुढे लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलचे वास्तुविशारद झाले. विलिस यांनी एका माणसाचे शवविच्छेदन केले होते, जो पोटातल्या गाठीने गेला होता. जिवंतपणी त्याला कधी अर्धांगवायू झालेला नव्हता. पाहिले तर त्याची उजवी कॅरोटिड दगडासारखी कडक होऊन जवळजवळ पूर्ण बुजलेली होती आणि त्याच बाजूची व्हर्टिब्रल दुसऱ्या बाजूच्या तिप्पट जाड झालेली होती. म्हणजे नानांच्या डॉक्टरांनी ‘बाजूची वाट’ म्हणून जे सांगितले, ती धीर देण्यासाठी केलेली गोष्ट नव्हे. साडेतीनशे वर्षांपूर्वी ती डोळ्यांनी पाहिली गेली आहे.

कड्याखेरीज आणखी वाटा आहेत. चेहऱ्याला रक्त देणारी बाहेरची कॅरोटिड सहसा उघडी राहते, आणि तिच्या डोळ्याभोवतीच्या फांद्यांतून रक्त डोळ्यामागच्या शिरेत शिरून उलट दिशेने मेंदूकडे जाते. बंद पापणीवर डॉपलरचा, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीचा, प्रोब हलकेच ठेवला, तर एरवी पडद्यावर तिथे लाल रंग दिसतो, कारण रक्त आतून प्रोबकडे येत असते. अशा रुग्णात तोच ठिपका निळा दिसतो. पहिल्यांदा पाहणाऱ्या शिकाऊ डॉक्टरला मशीन बिघडले असे वाटते. तिसरी वाट मेंदूच्या पृष्ठभागावर, शेजारशेजारच्या शिरांच्या टोकांना जोडणाऱ्या केसासारख्या बारीक फांद्यांची आहे.

पण सगळ्यांचे नशीब सारखे नसते. हे कडे पुस्तकातल्यासारखे पूर्ण असलेली माणसे निम्म्याहून कमी; कुणाची एक जोडशीर दोऱ्याएवढी, तर कुणाची जन्मतःच नसलेली. वय, मधुमेह आणि वर्षानुवर्षांचे बीपी यांनी पृष्ठभागावरच्या फांद्याही कमी होतात. आणि वेळेचा फरक तर फार मोठा आहे. नानांच्या शिरेत चरबीचा थर बहुधा दहा-वीस वर्षे हळूहळू साचत गेला, त्यामुळे बाजूच्या वाटांना रुंद व्हायला सवड मिळाली. हीच शीर धडधाकट तरुणात, मानेला जबर हिसका बसून एका दुपारीत बंद झाली, तर तीच वाट अपुरी पडू शकते आणि अर्धे अंग जाते.

तुमचे शेत जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर असेल, तर पुढचे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले समजेल. मुख्य दरवाजा बंद झाला आणि दुसऱ्या वितरिकेतून पाणी वळवून आणले, तर दरवाजाजवळची शेते भिजतात. पण टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याला पाणी पोहोचते की नाही, हे कालव्यात दाब किती आहे यावर ठरते. मेंदूतही दोन मोठ्या शिरांच्या हद्दी जिथे मिळतात, तो भाग टेलचा असतो. दाब थोडा पडला तरी सर्वांत आधी तोच कोरडा पडतो, आणि अशा रुग्णाच्या एमआरआयमध्ये त्या हद्दीवरच रांगेने लहान लहान डाग दिसतात. निरोगी मेंदूत दाब कमी झाला तर शिरा स्वतः रुंद होऊन प्रवाह सांभाळून घेतात. नानांच्या डाव्या मेंदूतल्या शिरा मात्र आधीच रुंद होऊन बसल्या असण्याची शक्यता आहे. त्यानंतर मेंदू आलेल्या रक्तातून जास्त प्राणवायू ओढून घेतो. तोही उपाय संपला, की उठून उभे राहण्याएवढे साधे काम हात हलवायला पुरते. दारात त्या रात्री बहुधा हेच घडले.

आता तुमचा मुख्य प्रश्न. ८० टक्के बंद असलेल्याचे ऑपरेशन आणि १०० टक्के बंद असलेल्याचे नाही, हे उफराटे वाटते, पण त्याला कारण आहे. अरुंद झालेल्या शिरेतून रक्त वाहत असते, आणि ते वाहते रक्त खडबडीत थरावर गुठळी धरते व तिचे तुकडे थेट मेंदूत नेऊन अडकवते. कॅरोटिडमुळे येणारे अर्धांगवायूचे बहुतेक झटके असे येतात. म्हणून ७० ते ९९ टक्के अरुंद शीर आणि नुकताच येऊन गेलेला झटका अशा रुग्णांत थर खरवडून काढण्याचा मोठा फायदा होतो. १९९१ साली उत्तर अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दोन वर्षांत त्या बाजूचा झटका केवळ गोळ्या घेणाऱ्यांपैकी २६ टक्के जणांना आला आणि ऑपरेशन झालेल्यांपैकी ९ टक्के जणांना. शेजारच्या गावातल्या गृहस्थांचे ऑपरेशन योग्यच होते. पण शीर पूर्ण बंद झाली, की तिच्यातून वाहणेच थांबते, म्हणून तुकडे वर जाण्याचा धोका पुष्कळ कमी होतो. आणि मानेपासून कवटीच्या आतल्या पहिल्या फांदीपर्यंत गुठळी घट्ट होऊन बसते. महिन्यांनंतर ती खरवडायला गेले, तर तीच गुठळी वर ढकलली जाण्याची भीती. जे दार आतून लिंपले गेले आहे ते फोडताना मागची भिंत पडू शकते, म्हणून शल्यचिकित्सक त्याला हात लावत नाहीत.

एक खात्री मात्र करून घ्या. डॉपलरमध्ये ९९ टक्के बंद असलेली शीर कधी कधी १०० टक्के बंद वाटते, आणि दोन्हींचा उपचार निराळा असू शकतो. नानांची सीटी अँजिओग्राफी झाली आहे, त्यामुळे ही शंका बरीचशी मिटलेली असावी. तरी ‘पूर्ण बंदच आहे ना, बारीक रेघ उरलेली नाही ना?’ हे स्पष्ट विचारा. दाजींना हैदराबादला जायचेच असेल, तर आधी नानांना न नेता सीटीची सीडी घेऊन जावे. केवळ रिपोर्टचा कागद पुरत नाही, चित्रे लागतात.

मग बंद शीर तशीच ठेवून, डोक्याच्या त्वचेतली एक शीर कवटीला छिद्र पाडून आत मेंदूच्या शिरेला का जोडू नये? हा विचार सुचला आहे आणि पारखूनही झाला आहे. असे पहिले ऑपरेशन १९६७ साली झुरिकमध्ये यासरगिल यांनी केले. पुढे ते इतके लोकप्रिय झाले, की त्याची रीतसर तुलना करावी लागली; १९८५ साली १,३७७ रुग्णांचा निकाल आला आणि ऑपरेशनने झटके कमी होत नाहीत असे दिसले. त्यावर आक्षेप असा होता, की ज्यांच्या मेंदूची ओढाताण खरोखर चालू आहे असे रुग्ण वेगळे काढलेच नव्हते. तेव्हा तसे रुग्ण प्राणवायूच्या तपासणीने निवडून पुन्हा तुलना झाली, तिचा निकाल २०११ साली आला. १९५ रुग्णांत दोन वर्षांनंतरचा हिशेब जवळजवळ सारखा निघाला, ऑपरेशनवाल्यांत २१ टक्के आणि गोळ्यांवाल्यांत २२.७ टक्के, पण पहिल्याच महिन्यात झटका आलेले ऑपरेशनवाल्यांत १४.४ टक्के होते, तर गोळ्यांवाल्यांत २ टक्के. शीर जोडण्याचे काम सुंदर झाले तरी त्या नाजूक मेंदूला ऑपरेशनचा धक्का सोसत नाही, असा त्याचा अर्थ मी घेतो.

म्हणून तुमच्या डॉक्टरांचा निर्णय मला पटतो. त्यांचे वाक्य मात्र तुमच्या घरात अर्धेच पोहोचले. ‘ऑपरेशन करायचे नाही’ हे ऐकू आले आणि पुढचे ‘गोळ्या चालू ठेवा’ हे किरकोळ वाटले. वास्तविक सगळा उपचार तिथेच आहे. आणि आता उभे राहिल्यावर हात हलल्याची जी नवी गोष्ट घडली आहे, ती त्या डॉक्टरांना ठाऊक नाही. ती सांगितल्यावर ते मेंदूची राखीव ताकद पाहणारी तपासणी सुचवू शकतील. गोळ्यांची घडी नीट बसवूनही असे प्रसंग पुन्हा पुन्हा येत राहिले, तर अशा निवडक रुग्णासाठी शीर जोडण्याचा विचार मोठ्या केंद्रात आजही केला जातो. ती पायरी शेवटची आहे, पहिली नव्हे.

सलाइनमधून शिरा साफ करणाऱ्या औषधाबद्दल चुलत्यांना माझ्या वतीने हात जोडून सांगा, की मानेतली बंद शीर त्याने उघडते याला कसलाही पुरावा नाही. चार-सहा महिने चालणाऱ्या त्या बाटल्यांसाठी शेतकऱ्यांनी व्याजाने पैसे काढलेले मी पाहिले आहेत, आणि त्याच काळात खरी औषधे बंद पडल्यामुळे झटका आलेलेही पाहिले आहेत. याबाबत मला राग येतो आणि तो मी लपवत नाही.

बीपीचे थोडे विस्ताराने, कारण इथेच दोन्ही बाजूंनी चुका होतात. एक चूक म्हणजे, मेंदूला जास्त दाब हवा म्हणून गोळ्या सोडून देणे. तसे कुणी सुचवले तर ऐकू नका; २०११ च्या त्याच पाहणीतल्या गोळ्यांवाल्या रुग्णांत ज्यांचे बीपी १३०/८५ च्या आत राहिले, त्यांना झटके कमी आले. बीपी जास्त राहिले तर उजवी शीर, जिच्यावर आता दोन्ही बाजूंचा भार आहे, तीही खराब होईल. दुसरी चूक म्हणजे दाब आठवड्याभरात खाली आणणे. या रुग्णांत तो पायरीपायरीने, काही आठवड्यांत उतरवायचा असतो. तुम्ही असे करा: सकाळी उठण्यापूर्वी नानांचे बीपी आडवे असताना मोजा, मग त्यांना उभे करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा, आणि आठ दिवसांचे आकडे वहीत लिहा. उभे राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने पडत असेल, तर ती वही डॉक्टरांपुढे ठेवा; कोणती गोळी कमी करायची, कोणती सकाळी घ्यायची, हे ते ठरवतील. लघवीच्या त्रासासाठी नाना रात्री एखादी गोळी घेत असतील तर तीही दाखवा. प्रोस्टेटच्या काही गोळ्या उभ्या माणसाचा दाब पाडतात, आणि ही गोळी वेगळ्या डॉक्टरांची असल्याने यादीत कधी येतच नाही.

दाबाबरोबर पाणी. वैशाखात आपल्याकडे पारा ४२-४३ वर जातो आणि नानांच्या वयाचा माणूस सकाळी न्याहारी करून शेतात गेला, की तहान लागेपर्यंत पाणी पीत नाही. अंगातले पाणी कमी झाले की दाब पडतो आणि रक्त दाटते. बाजूच्या वाटेवर जगणाऱ्या मेंदूला हे दोन्ही नको आहे. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार नसेल, तर तासातासाला पाणी किंवा ताक पिण्याची सवय लावा. ताकात मीठ घालू नका. एकादशीचा उपवास करायला माझी हरकत नाही, पण तो निर्जळी नको, आणि गोळी घेतल्याने उपवास मोडत नाही, हे त्यांना एखाद्या वडीलधाऱ्या वारकऱ्याकडून सांगवा, माझ्यापेक्षा त्यांचे ऐकतील. जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा, कारण लघवी वाढवणारी बीपीची गोळी त्या दिवशी थांबवावी लागू शकते. हिमोग्लोबिन एकदा तपासा. तेच कमी असेल तर आहे त्या वाटेने प्राणवायूही कमीच जाणार.

रक्ताच्या गुठळीसाठीची गोळी आणि चरबीसाठीची स्टॅटिनची गोळी, या दोन्ही जन्माच्या सोबती आहेत. झटक्यानंतरच्या रुग्णात वाईट कोलेस्टेरॉल ७० च्या खाली ठेवणे हे लक्ष्य असते, आणि रिपोर्टवर ११० ‘नॉर्मल’ छापून आले तरी नानांसाठी ते नॉर्मल नव्हे. दात काढायचा असो की मोतीबिंदू, गुठळीची गोळी कुणीही परस्पर थांबवू नये, आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना कॅरोटिड बंद असल्याचे आधी सांगावे. पाय दुखतात म्हणून किंवा छातीत जड होते म्हणून नाना काही बोलत असतील तर ईसीजी आणि हृदयाची तपासणीही करून घ्या. मानेत साचलेली चरबी हृदयाच्या शिरांतही बहुधा साचलेली असते. उजव्या शिरेचा डॉपलर डॉक्टर सांगतील त्या अंतराने, साधारण वर्षाला, करायचा आहे. ती ४० ची ७० झाली तर ऑपरेशनचा प्रश्न पुन्हा उभा राहील आणि तेव्हा उत्तर कदाचित ‘हो’ असेल.

तंबाखूबद्दल मी एवढेच लिहितो, की ओढायची असो वा चुन्यात मळायची, ती शिरांचे अस्तर खराब करते, आणि नानांपाशी आता एकच चांगली कॅरोटिड उरली आहे. घरातल्या सर्वांनी डबी दाराबाहेर ठेवावी. आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही: केस कापून झाल्यावर न्हावी मान कडाकडा मोडून देतो, ते नानांना पूर्ण बंद. मानेच्या हिसक्याने शिरेचे अस्तर फाटते, आणि उरलेल्या तीन शिरांपैकी एकही गमावणे त्यांना परवडणारे नाही.

घरातल्या प्रत्येकाला, शाळेतल्या नातवालाही, हे पाठ हवे: चेहरा वाकडा झाला, एक हात वर जात नाही, बोलणे अडखळले किंवा डाव्या डोळ्यापुढे पडदा आला, तर १०८ ला फोन. अंगावरून वारे गेले म्हणून पाल्याचे औषध देणाऱ्या गावाला आधी जायचे आणि मग दवाखान्यात, या क्रमाने मी कितीतरी हात-पाय कायमचे गेलेले पाहिले. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, तेही सीटी स्कॅन पाहूनच. शेवटचे ठणठणीत कधी दिसले, ती वेळ घड्याळात पाहून लिहून ठेवा. तोंडात काही घालू नका. आणि बीपीची गोळी जिभेखाली मुळीच देऊ नका. अनेक घरांत ही हौस आहे, आणि नानांसारख्या माणसात नेमक्या त्या क्षणी दाब एकदम पाडणे म्हणजे टेलचे उरलेले पाणीही बंद करणे. परभणी, अंबाजोगाई, लातूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. तुमच्यापासून सोयीच्या ठिकाणी रात्रीही सीटी होते का आणि ते इंजेक्शन मिळते का, हे भावाने आजच, सगळे ठीक असताना, विचारून ठेवावे.

राहिला शेवटचा प्रश्न: ही वाट किती दिवस पुरेल? तारीख सांगता येत नाही. झटक्यानंतर शीर पूर्ण बंद आढळलेल्या जुन्या रुग्णांत वर्षाला शंभरांतल्या साधारण पाच-सहा जणांना पुन्हा झटका येत असे. आज गोळ्या चांगल्या आहेत आणि त्या नियमाने घेणाऱ्यांचे चांगले चालते. पहिल्या काही महिन्यांत बाजूच्या वाटा आणखी रुंद होतात, त्यामुळे हे दिवस निभावून नेले तर पुढचा रस्ता सहसा सोपा होतो. शीर बंद असूनही पंधरा वर्षे स्वतःची शेती पाहणारी माणसे माझ्या ओळखीची आहेत.

शेतात जायला नानांना मनाई नाही. पण उभे राहिल्यावरचे आकडे स्थिर होईपर्यंत मोटारसायकल, विहिरीत उतरणे आणि झाडावर चढणे नको. आणि रात्रीची लाईट आली तर मोटार चालू करायला भावाने जावे. नानांनाच जायची वेळ आली, तर आधी अंथरुणात उठून बसायचे, पाय खाली सोडून दोन मिनिटे पोटऱ्या हलवायच्या, उशाशी भरून ठेवलेल्या तांब्यातले पाणी प्यायचे आणि मग खाटेचा खूर धरून उभे राहायचे. तोवर पिकाचे काही बिघडत नाही.